तलवार कुणी धरली होती

खोटं बोलत असेन तर ही जीभ आत्ता इथं गळून पडू दे! देवाशप्पथ सांगते, तुझ्या गळ्याशप्पथ सांगते, तेजू, आणि दाराबाहेरनं कोण ऐकत असंल तर त्यालाबी ओरडून सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय. हसू नकोस. विहिरीतलं कासव माझ्याशी बोलायचं, ते सोड. तुझ्या आजोबांनी एका हातानं रणगाडा उलटा केला, तेबी सोड. ते तुम्ही पोरांनी चार घास जास्त खावंत म्हणून होतं. हे तसलं न्हाई.

तर मी बसलेली तालुक्याच्या ऑफिसात, लग्नं नोंदवतात तिथं. शेजारी तुझे आजोबा, खुर्चीत कललेले. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं, जिभेवर दोनचार शब्द उरलेले. मागं तुझी आई पिशवी धरून उभी. आणि समोर टेबलापलीकडं देवरेबाई. नाशिककडची पोर, नवीनच आलेली, नाकावर चष्मा. ती लिहीत होती आणि मी सांगत होते.

"मग नवरदेव घोड्यावरनं आले. पांढरं घोडं. ते वेशीतच अडून बसलं. पुढं म्हणून पाऊल टाकंना! मग माझ्या बापानं त्याच्या कानात काय सांगितलं कोण जाणे, त्यानं दोन्ही पाय वर केलं आणि—"

"आजी, घोडं राहू द्या. तारीख सांगा. बहात्तरचा मे महिना म्हणालात ना?"

"मे महिना. हे सुट्टीवर आलेले फौजेतनं."

तेवढ्यात ठाण्णकन आवाज आला. आजोबांनी डाव्या हातातली काठी फरशीवर आपटली होती.

"न्हाई," ते म्हणाले.

"अण्णा, गप बसा ना," तुझी आई वाकून त्यांच्या कानाशी कुजबुजली. "ठरलंय ना आपलं."

पुन्हा काठी. "न्हाई."

देवरेबाईनं पेन खाली ठेवलं.

आता हे असं का, ते ऐक. तुझे आजोबा फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झाले. पेन्शन यायची, घर चालायचं. मग अर्धांगाचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, दुसरा आला तर काही खरं न्हाई. तेव्हा तुझ्या आईनं पेन्शनचे कागद काढून बघितले आणि मटकन खाली बसली. बायको म्हणून माझं नावच न्हवतं! तीन पोरं, नातवंडं, आणि कागदावर तुझे आजोबा, निवृत्ती फडतरे, अविवाहित! फौजेला लिहिलं तर उत्तर आलं, तुम्ही लग्नाची जी तारीख सांगताय त्या दिवशी हा जवान सरहद्दीवर ड्युटीवर होता, लग्नाचा सरकारी दाखला पाठवा. दाखला न्हाई तर त्यांच्या माघारी मी त्यांची कुणीच न्हाई.

मी त्यांना मागं कितींदा म्हणलं होतं, तेवढं नाव चढवून घ्या. ते म्हणायचे, "मी हाय तवर हाय की." आणि उठून गोठ्यात जायचे.

ऑफिसबाहेर एक अर्ज लिहिणारा बसतो. त्यानं सल्ला दिला, खरी तारीख टाकू नका, मे महिन्यातली टाका, तेव्हा साहेब सुट्टीवर होते असं फौजेच्याच कागदात हाय. तुझ्या आईला पटलं. मला काय? थापा मारण्यात माझा हात धरणारं पंचक्रोशीत कोण हाय? घोडं मी तिथल्या तिथं जुळवलं होतं.

पण हे काठी आपटून बसले.

"आजोबा नाही म्हणतायत," देवरेबाई म्हणाली. "म्हणजे मे महिन्यात लग्न झालं नाही?"

मग मीच म्हणलं, "न्हाई झालं. त्याच्या आधी झालं, लढाईच्या तोंडावर. एकाहत्तरची लढाई. ह्यांची रजा रद्द झाली आणि मांडव तर पडलेला, हळद लागलेली."

"मग लग्न पुढं ढकललं?"

"हळद लागल्यावर पोरगी घरात ठेवत न्हाईत आमच्यात."

"मग?"

"मग तलवार आली."

"काय आलं?"

"तलवार. नवऱ्याच्या घरची. फौजेतलं घराणं, नवऱ्याला येता आलं न्हाई तर त्याच्या घरची तलवार येती. तिला मुंडावळ्या बांधल्या, फेटा बांधला, अंतरपाटाच्या पलीकडं उभी केली. माझं लग्न तलवारीशी लागलं."

देवरेबाईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आजी, खरं सांगू? मघाचं घोडं मला खरं वाटत होतं."

हे बघ तेजू, जन्मभर मी थापा मारल्या आणि लोकांनी माना डोलावल्या. खरं बोलायला तोंड उघडलं ते त्या एका दिवशी, आणि ती पोर हसायला लागली. वाईट न्हवती ती. नवल वाटलं म्हणून हसली.

"हसू नका हो मॅडम," तुझी आई म्हणाली. "खरंच आहे ते. लहानपणापासून ऐकतोय आम्ही. तलवार आपोआप फेरे घेत होती, पुढं तलवार आणि मागं आई."

"आपोआप?"

तुझी आई माझ्याकडं बघायला लागली. मी पदर सारखा केला. मी पोरांना तसंच सांगायचे. आधी ती हवेत तरंगायची, मग लख्ख चमकायची, मग निखाऱ्यावरनं चालायची. दरवेळी मी तिला काहीतरी नवं करायला लावायचे.

"धरली होती कुणीतरी," मी म्हणलं.

"कुणी?"

मी खाली बघितलं. हे बोलले. त्यांच्या त्या वाकड्या तोंडातनं एकेक अक्षर ओढून काढल्यासारखं.

"रं... गा."

तुझ्या आईनं श्वास आत घेतला तो मला ऐकू आला. रंगराव म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. माझे दीर. तुझ्या आईनं आपल्या चुलत्याला आपल्या उंबऱ्याच्या आत कधी बघितलं न्हवतं. लढाई संपून हे सुट्टीवर घरी आले, त्याच महिन्यात भावजी अंथरूण गुंडाळून माळावरच्या वस्तीवर राहायला गेले. लोक म्हणाले, बांधावरनं बिनसलं. आम्हीबी तेच म्हणायचो.

"हे रंगराव हयात आहेत?" देवरेबाईनं विचारलं.

"हायत."

"मग त्यांना आणा. तुमच्या माहेरचे दोन साक्षीदार चालतील, पण वराकडचं एक तरी माणूस हवं. तुमच्यात अशी रूढी आहे, त्या दिवशी असं असं झालं, हे त्यांनी माझ्यासमोर सांगायचं. मग मी वरच्या साहेबांशी बोलते. आणि आजी—" तिनं आजोबांकडं बघितलं, आवाज उतरवला, "दोघांच्या सह्या लागतात. उशीर करू नका."

वस्तीवर मी एकटीच गेले. तुझी आई येते म्हणत होती, मी नको म्हणलं.

भावजी झोपडीपुढं लिंबाखाली चऱ्हाट वळत बसलेले. एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं हातात. म्हातारा झालेला माणूस, पण पाठ ताठ. मी कुंपणाशी थांबले.

"भावजी."

"दादाचं काय झालं?" मान वर न करताच विचारलं.

"हायत. तसंच हायत."

"मग इकडं कुणीकडं येणं केलं?"

"दाखला काढायचाय. लग्नाचा."

हात थांबले. वळलेला पीळ सुटून सैल झाला.

"आता?"

"त्यांच्या माघारी कागदावर मी त्यांची कुणीच न्हाई, भावजी. ऑफिसातली बाई म्हणती, मांडवात उभं राहिलेलं नवऱ्याकडचं माणूस पाहिजे."

"आप्पा हुतं. वाडीचं तात्या हुतं."

"सगळी गेली. तुम्हीच ऱ्हायला."

"मला नगा वढू त्यात."

मी तिथंच मातीत बसले. म्हणलं, "बांधाचा राग असंल तर बांध तुमचा. पोरांना सांगून आजच दगूड हालवते. तुमच्या दादानं काय वंगाळ बोललं असंल तर त्यांच्या वतीनं मी पाया पडते. त्यांना बोलता येत असतं तर ते सवता आलं असतं."

"बांध?" असं म्हणून ते हसले. कसं हसले, मला सांगता यायचं न्हाई. "बांधाला काय धाड भरलीय. बांध हाय तिथं हाय."

"मग काय हाय? काय केलं आम्ही तुमचं?"

त्यांनी चऱ्हाट परत अंगठ्यात अडकवलं. पीळ बसंना. दोनदा सुटला.

"त्या दिवसाचं कुणी मला इचारू ने," ते म्हणाले. "बाकी काय मागायचं ते मागा. ही वस्ती मागा."

"वस्ती घेऊन मी काय करू? मला माझं नाव पाहिजे."

ते उठले. आत जाऊन तांब्या भरून आणला. माझ्या हातात दिला न्हाई, दगडावर ठेवला, आणि चार पावलं मागं जाऊन उभे राहिले.

"पाणी घ्यावं. ऊन लई हाय. सावलीसावलीनं जावं."

ऑफिसात यायचा दिवस तेवढा सांगून मी निघाले. येताना मी रडले. तेजू, मी खोटं खोटं रडायला पटाईत, तुला ठाऊक हाय. हे तसलं न्हवतं. घरी आले तर हे खाटेवर, डोळे दाराकडं. "रंगा?" म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. त्या रात्री घासाला तोंड उघडलं न्हाई.

नेमलेल्या दिवशी तरी आम्ही गेलो. तुझी आई म्हणाली, जाऊन तरी काय करायचं? पण हे सकाळपासनं टोपी घालून बसलेले. माझी बहीण बबी आली, माहेरचा शंकर गुरव आला. दोघांनी सांगितलं, तलवार बघितली, अक्षता टाकल्या. देवरेबाईनं लिहून घेतलं. मग आम्ही बसून राहिलो. एक नवं जोडपं आलं, तिच्या हातावर मेंदी, दोघं एकमेकांच्या कानात कुजबुजत सह्या करून निघून गेली. जेवणाची सुट्टी झाली. परत ऑफिस उघडलं. पंखा फिरत होता. हे दाराकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं बघत होते.

"आजी, संध्याकाळी मी बंद करणार," देवरेबाई म्हणाली. "पुढच्या आठवड्यात या हवं तर."

"पुढचा आठवडा हिथं कुणाला ठाऊक हाय बाई," मी म्हणलं.

आणि दारात सावली पडली.

दाढी केलेली. परीटघडीचं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला फेटा. जत्रेलाबी हा माणूस कधी असा आला न्हवता. चपला बाहेर काढून ते आत आले. माझ्याकडं न्हाई, तुझ्या आईकडं न्हाई, सरळ टेबलाकडं गेले.

"मी रंगराव फडतरे. साक्षीला आलोय."

"बसा आजोबा."

"उभा हाय तो बरा हाय."

देवरेबाईनं पेन उचललं. "तुम्ही या लग्नाला हजर होता?"

"व्हतो."

"कुठं होता? म्हणजे लांबनं बघितलं की जवळून?"

"जवळ."

"किती जवळ?"

"नवरीच्या शेजारी."

"वर स्वतः हजर नव्हता?"

"दादा सरहद्दीवर. तार आली रजा न्हाई म्हणून. आप्पांनी, आमच्या वडलांनी, देवघरातली तलवार काढली. म्हणाले, धाकटा घिऊन जाईल."

"तलवारीबरोबर फेरे झाले?"

"झाले."

"तलवार कुणी धरली होती?"

"मी."

ती पोर हुशार होती. पेन कागदावर टेकलं होतं, ते तिनं उचललं. "रंगराव आजोबा, नीट सांगा. मला हे वर पाठवायचं आहे. फेरे तुम्ही घेतलेत. शेजारी तुम्ही होता. मग उद्या कुणी म्हणेल, लग्न तुमच्याशीच लागलं. काय लिहू मी?"

तुझी आई खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. माझ्या कानात नुसता पंखा फिरत होता. त्या माणसानं एक शब्द इकडचा तिकडं केला असता, तर माझा जन्म खोटा पडला असता. ह्यांची काठी हातातनं सुटून खाली पडली. कुणी उचलली न्हाई.

"पाय माझं व्हतं," भावजी म्हणाले. "लगीन त्याचं."

"आणि मंगळसूत्र?"

"आईनं बांधलं."

"तुमच्या आईनं? वराच्या वतीनं तुम्ही का नाही?"

"मला सांगितलं व्हतं. भटजीबी म्हणालं, तलवार टेकवून तूच बांध. मी न्हाई म्हणलो."

"का?"

भावजींनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. मला ते दिसत होते. एका हातानं दुसरं मनगट घट्ट धरलेलं.

"म्या आईला म्हणलं, तेवढं माझ्या हातनं करून घिऊ नगंस. मग मला घरात ऱ्हाता यायचं न्हाई."

मला तो क्षण आठवला. खाली मान, समोर निखारे, आणि मागं कायतरी कुजबुज. मी समजले होते, पोरगा लाजला. अठरा-एकोणीस वर्षांची मी. मला काय कळतंय?

देवरेबाईनं लिहिता लिहिता मान वर केली न्हाई. आवाज मात्र मऊ झाला होता. "साक्षीदाराचं वधूशी नातं लिहावं लागतं. या तुमच्या कोण?"

तेजू, इतकी वर्षं हा माणूस माझ्याशी बोलला असंल ते सगळं असंच: पाणी घ्यावं, सावलीनं जावं. नात्यानं हाक म्हणून कधी मारली न्हाई. मला वाटायचं, माझ्यावर राग हाय.

ते माझ्याकडं वळले न्हाईत. ह्यांच्याकडं बघितलं. आणि ह्यांनी डाव्या हातानं त्यांचा सदरा धरला.

"वहिनी," भावजी म्हणाले.

"सख्खी वहिनी?"

"सख्खी."

"तुमच्या मंडळी नाही आल्या?"

"केलीच न्हाई."

ती पुढं विचारणार होती. मग तिनं विचारलं न्हाई. कागद फिरवला.

सह्या झाल्या. मी केली, भावजींनी केली, बबीनं केली, गुरवानं केली. ह्यांचा उजवा हात कामाचा न्हवता आणि डाव्याची मूठ सदऱ्याला घट्ट. सोडवंना. तुझ्या आईनं ओढून बघितलं.

"दादा, सोड," भावजी म्हणाले. "सही करायची हाय."

हे सोडंनात. डोळ्यांतनं पाणी गालावर, गालावरनं वाकड्या तोंडात. ओठ हलत होते. "रंगा, रंगा," एवढंच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. "मी हाय तवर हाय की" म्हणून उठून गोठ्यात जाणारा माणूस माझ्या नावाचा कंटाळा करत न्हवता. नाव चढवायचं तर हे ऑफिस आलं, आणि ऑफिस आलं तर तलवार कुणी धरली हा प्रश्न आला. तो आपल्या भावाला कुणी विचारू ने म्हणून माझा नवरा जन्मभर कागदावर अविवाहित राहिला. आणि शेवटी माझं लग्न खोट्या तारखेवर चढू ने म्हणून त्यानंच भावाचं नाव घेतलं.

भावजी खाली बसले. गुडघ्यावर. एकेक बोट सोडवलं, शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, आणि वराच्या नावापुढं आपल्या हातानं ह्यांचा अंगठा उमटवला.

"झालं," ते म्हणाले.

दाखला पुढं मिळाला. वरच्या साहेबानं दोन फेऱ्या मारायला लावल्या, पण मिळाला. फौजेनं नाव चढवलं. हे त्याच वर्षी गेले, आणि माझं म्हातारपण कुणापुढं हात न पसरता चाललंय ते तुला दिसतंयच.

त्या दिवशी ऑफिसच्या बाहेर आलो. तुझी आई ह्यांना रिक्षात बसवत होती. मी पेढे घेतले होते, पदरात बांधून आणलेले. बघते तर भावजी चपला घालून निघालेलेसुद्धा. मी मागनं हाक मारली. ते वळले, हसले, पेढा घेतला, आणि म्हणाले, "येतो वहिनी."

काय गं? अशी काय बघतीस माझ्याकडं?

बरं. एवढं एक मी पदरचं घातलं.

वळले न्हाईत ते. पेढा घेतला न्हाई. हाक मात्र मी मारली होती. भावजी म्हणायचं होतं, आणि तोंडातनं "अहो" निघालं. भर रस्त्यात. त्या माणसाची पावलं थांबली. पाठमोरा तसाच उभा राहिला उन्हात, जरा वेळ. मग फेटा सारखा केला आणि चालायला लागला.